श्वास धरायचा कुणी?

कोरोनाच्या काळात ज्यांनी छातीचा सीटी स्कॅन करून घेतला, त्यांना ती सूचना अजून आठवत असेल. टेबल सरकत कड्यात जातं आणि स्पीकरवरून आवाज येतो, “श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा.” एवढंच काम. धडधाकट माणसाला ते सहज जमतं.

आता त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल परिसरातला एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्याचे दिवस. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळपास येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग श्वास घेणारे स्नायूच लुळे पडू लागतात. हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयातून १०८ च्या गाडीनं घाटरस्ता पार करत त्याला नाशिकला आणलं. घशातून श्वासनळीत नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. प्रतिविष दिलं तरी लुळे पडलेले स्नायू लगेच जागे होत नाहीत, म्हणून काही दिवस त्याचा श्वास यंत्रच घेणार. चौथ्या दिवशी ताप चढतो, एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या तळाशी पांढुरकं काहीतरी दिसतं आणि डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन सांगतात.

इथे प्रश्न उभा राहतो. या रुग्णाला “श्वास धरा” म्हणून उपयोग नाही. यंत्र मिनिटाला पंधरा वेळा त्याची छाती फुगवतं आणि रिकामी करतं. मग त्याचा श्वास धरायचा कुणी, किती वेळ आणि काय सांभाळून? याचं उत्तर समजलं, तर हेही लक्षात येतं की चांगला स्कॅन महागड्या यंत्राइतकाच खोलीतल्या माणसांच्या एकमेळावर अवलंबून असतो.

स्कॅन एका क्षणाचा नसतो

साधा एक्स-रे क्षणभरात उरकतो. किरण एकदाच छातीतून जातात आणि सावली उमटते. सीटीचं तसं नाही. सीटीच्या कड्यात एका बाजूला क्ष-किरणांची नळी असते आणि तिच्या समोर किरण टिपणाऱ्या डिटेक्टरांच्या ओळी. हे दोन्ही रुग्णाभोवती गरागरा फिरतात आणि टेबल पुढे सरकत राहतं. एका फेरीत साधारण हजार वेगवेगळ्या कोनांतून छाती टिपली जाते. या सगळ्या नोंदींवरून संगणक गणित करून आतला प्रत्येक ठिपका किती दाट आहे हे ठरवतो आणि आडवे काप तयार करतो. या कापांनाच ‘स्लाइस’ म्हणतात.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पहिल्या कोनातून पाहताना जी रक्तवाहिनी जिथे होती, ती शेवटच्या कोनातून पाहतानाही तिथेच असली पाहिजे. ती मध्येच सरकली, तर संगणकाच्या हातात एकाच वाहिनीचे दोन पत्ते येतात. कोणता खरा हे त्याला कळत नाही, म्हणून तो दोन्ही छापतो.

सीटीचा इतिहासही याच अडचणीपासून सुरू होतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाला, आणि तो मेंदूचा होता. त्या यंत्राला एका टप्प्याच्या नोंदी घ्यायला चार-पाच मिनिटं लागत. डोकं तेवढा वेळ पक्कं धरून ठेवता येतं, छाती येत नाही. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. छातीचा सबंध स्कॅन एका श्वासात घेणं मात्र १९८९ नंतर, टेबल न थांबवता गोल फिरत पुढे जाणारं ‘स्पायरल’ तंत्र आल्यावरच आवाक्यात आलं.

हललेला स्कॅन खोटं कसं बोलतो

छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल हा स्नायूंचा पडदा असतो. शांत श्वासातही तो एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होतो. फुफ्फुसाचं टोक, म्हणजे खांद्याकडचा भाग, फारसा हलत नाही, तळ सगळ्यात जास्त हलतो. आणि पडून असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होतो तो बहुतेक वेळा तळाशी आणि पाठीकडे. म्हणजे जिथे नीट पाहायचं आहे, नेमका तोच भाग जास्त अस्वस्थ.

हिशेब करून पाहू. यंत्रानं सव्वा सेकंदात हवा आत ढकलली आणि तेवढ्यात श्वासपटल दीड सेंटिमीटर सरकलं, तर कड्याच्या अर्ध्या सेकंदाच्या एका फेरीत ते सहा मिलिमीटर सरकतं. डॉक्टर ज्या गाठी आणि गुठळ्या शोधत असतात, त्यातल्या कित्येक याहून लहान असतात.

यातून फसगत तीन प्रकारची होते. एक, रक्तवाहिन्या दुहेरी दिसतात आणि निरोगी श्वासनलिका रुंदावल्यासारखी वाटते. दोन, फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी धूसरपणात हरवते, किंवा नसलेली गुठळी असल्यासारखी भासते. तीन, श्वास अर्धवट बाहेर असताना टिपलेलं फुफ्फुस मुळातच दाट असतं, कारण त्यात हवा कमी असते. त्या पांढुरक्या छटेला न्यूमोनिया समजलं, तर उगाच जास्तीचं अँटिबायोटिक सुरू होतं.

स्कॅन पुन्हा घेऊ म्हणणंही सोपं नाही. छातीच्या नेहमीच्या सीटीत शरीराला साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. मिलिसिव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचं माप आहे. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगभरच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. स्कॅन दुसऱ्यांदा घेतला की मात्रा दुप्पट, आणि नाजूक अवस्थेतल्या रुग्णाला टेबलावर ठेवण्याचा वेळही वाढतो.

झोळीचा फोटो

पाड्यावरच्या घरात आढ्याला बाळाची झोळी बांधलेली असते. हलत्या झोळीतल्या बाळाचा फोटो काढायचा झाला तर तीन वाटा आहेत. कॅमेरा इतका वेगवान हवा की झोळी हलायच्या आत फोटो निघेल. किंवा झोळी टोकाला जाऊन क्षणभर थबकते, ती वेळ साधायची. किंवा झोळी टोकाला गेली की हातानं धरून ठेवायची आणि फोटो निघताच सोडायची.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या युक्त्या बहुतेक याच तीन वाटांवरच्या आहेत.

पहिली वाट : वेग

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं छातीच्या एचआरसीटीचे, म्हणजे बारीक तपशील टिपणाऱ्या सीटीचे, दर बांधून दिले होते. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसला २,५०० आणि त्यावर ३,००० रुपये. तेव्हा ‘स्लाइस’ हा शब्द घरोघरी पोचला. त्याचा अर्थ सोपा आहे : यंत्र एका फेरीत किती काप एकदम टिपतं. काप जितके जास्त, तितकी छाती लवकर पूर्ण होते.

छातीची लांबी तीसेक सेंटिमीटर धरली, तर १६ स्लाइसच्या यंत्राला साधारण आठ ते दहा सेकंद लागतात, ६४ स्लाइसच्या यंत्राला चार-पाच. दोन क्ष-किरण नळ्या असलेली अत्यंत वेगवान यंत्रं एका सेकंदाच्या आत काम संपवतात. मिनिटाला पंधरा श्वास म्हणजे चार सेकंदांना एक श्वास. जुन्या यंत्रावर एका स्कॅनमध्ये दोन पूर्ण श्वास येऊन जातात, ६४ स्लाइसवर एक. सगळ्यात वेगवान यंत्रावर छाती हलायच्या आत काम झालेलं असतं.

पण यंत्र जे आहे तेच आहे, ते ऐन वेळी बदलता येत नाही. त्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातात मात्र पुष्कळ असतं. कडं सगळ्यात जलद फिरवायचं, टेबलाचा वेग वाढवायचा, गरजेपेक्षा जास्त भाग टिपायचा नाही. आणि स्कॅन तळापासून वर घ्यायचा. श्वास धरण्याचे पहिले काही सेकंद सगळ्यात स्थिर असतात, ते सगळ्यात जास्त हलणाऱ्या तळाला द्यायचे. शेवटी श्वास सुटलाच तरी तेव्हा यंत्र खांद्याजवळ असतं आणि तिथे फारसं बिघडत नाही.

दुसरी वाट : थबकण्याची वेळ

व्हेंटिलेटरचा श्वास दोन भागांचा असतो. यंत्र दाब देऊन हवा आत ढकलतं. मग झडप उघडते आणि फुगलेली छाती आपोआप बसते. चार सेकंदांच्या श्वासात सव्वा-दीड सेकंद आत आणि उरलेले अडीच-पावणेतीन सेकंद बाहेर, अशी ढोबळ वाटणी असते. निरोगी फुफ्फुसातली बहुतेक हवा पहिल्या दीड सेकंदातच निघून जाते. नंतर पुढचा श्वास येईपर्यंत सेकंदभर छाती जवळजवळ निश्चल असते.

ही नैसर्गिक विश्रांती वाढवताही येते. डॉक्टरांनी स्कॅनपुरती श्वासांची गती पंधरावरून दहावर आणली, तर एक श्वास सहा सेकंदांचा होतो आणि शांत वेळ दुपटीहून अधिक मिळतो. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर हवेच्या प्रवाहाची रेषा दिसत असते. ती खाली येऊन सपाट झाली की छाती थांबली, असं समजावं.

या पद्धतीत धोका कमी, पण एक उणीव आहे. श्वास सोडलेलं फुफ्फुस आक्रसलेलं आणि दाट दिसतं. म्हणून स्कॅन कोणत्या अवस्थेत घेतला हे तंत्रज्ञानं नोंदवलंच पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते माहीत नसेल, तर नसलेला आजार कागदावर येऊ शकतो. दम्यासारख्या आजारात हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो, अशा रुग्णात ही शांत वेळ फारशी मिळत नाही.

तिसरी वाट : श्वास धरणं

आयसीयूतल्या बहुतेक व्हेंटिलेटरांवर ‘इन्स्पिरेटरी होल्ड’ नावाची सोय असते. हवा आत गेल्यावर यंत्र आत आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही वाटा बंद करतं. फुफ्फुस फुगलेल्या अवस्थेत स्थिर राहतं. बटण सोडलं की श्वास पुन्हा सुरू. ‘एक्स्पिरेटरी होल्ड’ हेच काम श्वास सोडल्यावर करतो. मूळ उपयोग फुफ्फुसातला दाब मोजण्याचा, पण स्कॅनच्या वेळी हीच सोय उपयोगी पडते.

हे करताना पायऱ्या ठरलेल्या असाव्या लागतात.

आधी रुग्ण शांत हवा. मण्यारीच्या विषानं लुळा पडलेला रुग्ण स्वतः श्वास ओढत नाही, त्याच्याबाबतीत होल्ड लगेच साधतो. पण न्यूमोनियाचा किंवा कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण यंत्राच्या जोडीनं स्वतःही ओढत असेल, तर बंद झडपेविरुद्ध त्याची छाती धडपडते आणि स्कॅन आणखी बिघडतो. अशा वेळी डॉक्टर गुंगीचं औषध वाढवतात, फारच गरज असेल तर थोड्या वेळापुरतं स्नायू शिथिल करणारं औषध देतात.

मग काही मिनिटं पूर्ण ऑक्सिजन देतात. त्यानंतर तालीम. स्कॅन जितका वेळ चालणार तितकाच होल्ड आधी एकदा करून पाहायचा आणि रक्तदाब, नाडी व ऑक्सिजनचं प्रमाण यांवर नजर ठेवायची. याचं कारण असं की फुगलेलं फुफ्फुस छातीतल्या शिरांवर दाब टाकतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब घसरतो. पाच सेकंदांत सहसा काही होत नाही, पण आधीच रक्तदाब कमी असलेल्या रुग्णात होऊ शकतं. होल्डमध्ये दिसणारा दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतक्या दाबाच्या आत ठेवतात. फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल किंवा डोक्याला मार लागून मेंदूवर दाब वाढला असेल, तर हा मार्ग टाळून श्वास सोडलेल्या अवस्थेतला स्कॅन पत्करतात.

रुग्णवाहिकेतल्या किंवा ने-आण करायच्या छोट्या व्हेंटिलेटरवर होल्डची सोय असतेच असं नाही. म्हणून आयसीयूतून निघण्यापूर्वीच ते पाहून घ्यायला हवं.

जे टाळायचं

घाईत कधी कधी नळी व्हेंटिलेटरपासून काढून छाती शांत करण्याचा मोह होतो. आजारी फुफ्फुसासाठी हे वाईट. अशा रुग्णात श्वास बाहेर पडल्यावरही नळीत थोडा दाब राखून ठेवलेला असतो, त्याला डॉक्टर ‘पीप’ म्हणतात. त्या दाबामुळे हवेच्या बारीक पिशव्या मिटत नाहीत. नळी सुटली की दाब जातो, पिशव्या मिटतात, ऑक्सिजन घसरतो आणि स्कॅनमध्येही मिटलेलं फुफ्फुस आजारी दिसतं.

हातानं हवा भरायचा फुगा, म्हणजे अँबू बॅग, दाबून धरण्यातही अडचण आहे. अँबू बॅगनं घाटरस्त्यावर कितीतरी जीव वाचतात, पण किती दाबानं हवा धरली आहे हे हाताला मोजता येत नाही, आणि दाबणाऱ्याला किरणांच्या खोलीत रुग्णाला खेटून उभं राहावं लागतं.

बटण दाबणाऱ्याचं एकच काम

दोन दशकांपूर्वी अमेरिकेतल्या अ‍ॅनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनच्या वार्तापत्रात डॉ. अ‍ॅन लॉफ्स्की यांनी एक घटना मांडली होती. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत मध्येच एक्स-रे हवा होता. चित्र हलू नये म्हणून भूलतज्ज्ञांनी व्हेंटिलेटर बंद केला. टेबलाखाली फिल्म अडकली. ती काढायला भूलतज्ज्ञही मदतीला गेले. फिल्म निघाली, शस्त्रक्रिया पुढे सुरू झाली, व्हेंटिलेटर मात्र बंदच राहिला. हृदयाची गती फार मंदावली तेव्हा ते लक्षात आलं. बत्तीस वर्षांची ती रुग्ण पुढे वाचली नाही.

या घटनेचा दाखला देत बोस्टनचे डॉ. ज्युलियन गोल्डमन यांनी आग्रह धरला की व्हेंटिलेटर आणि एक्स-रे यंत्र एकमेकांशी जोडलेली असावीत, म्हणजे श्वास थांबलेला असेल तेव्हा फोटो आपोआप निघेल आणि श्वास बंद करावाच लागणार नाही. अशी जोडणी सगळीकडे पोचेपर्यंत त्या घटनेतले दोन धडे कुठल्याही रुग्णालयाला आज पाळता येतात. पहिला, व्हेंटिलेटर कधीही बंद करायचा नाही, होल्डच वापरायचा. कारण होल्ड सोडला की श्वास आपोआप सुरू होतो आणि अनेक यंत्रांत काही सेकंदांनंतर तो स्वतःच सुटतो. दुसरा, होल्डवर बोट ठेवणाऱ्याला त्या वेळात दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही.

प्रत्यक्षात हे असं चालतं. तंत्रज्ञ शिशाच्या काचेमागे, डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका शिशाचा एप्रन घालून व्हेंटिलेटरपाशी, कड्यापासून जमेल तितक्या दूर. टेबल एकदा कोरडंच आत-बाहेर करून नळी ताणली जात नाही ना, हे पाहिलेलं असतं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती उरला, तेही तपासलेलं असतं. तंत्रज्ञ विचारतो, “तयार?” आतून उत्तर येतं, “होल्ड.” स्कॅन सुरू होतो. आतली व्यक्ती मोठ्यानं आकडे मोजते. “झालं,” म्हणताच बोट सुटतं, आणि छाती पुन्हा वर येताना डोळ्यांनी पाहिल्यावरच ती जागा सोडते.

रुग्ण ऐकत असतो

मण्यार किंवा नागाच्या विषानं स्नायू लुळे पडतात, शुद्ध जातेच असं नाही. गुंगीचं औषध दिलेलं नसेल तर पापणीही न हलवू शकणारा तो माणूस सगळं ऐकत असू शकतो. अचानक श्वास थांबला तर त्याला काय वाटेल? म्हणून होल्डआधी कानाशी सांगावं, “आता चार-पाच सेकंद श्वास थांबेल, आम्ही इथेच आहोत, लगेच सुरू होईल.” हरसूलकडचा कोकणा किंवा वारली माणूस असेल, तर त्याच्या बोलीत सांगणारं जवळचं कुणी असल्यास त्यांच्याकडून आधीच सांगून घ्यावं. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

स्कॅनला नेण्याआधी

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवणं हीच मोठी जोखीम आहे. म्हणून खाटेपाशी काय कळू शकतं, ते आधी पाहावं. फिरत्या मशीनवर घेतलेल्या एक्स-रेला सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. श्वास पूर्ण आत असताना बटण दाबलं की काम झालं. सोनोग्राफीत तर फुफ्फुसाचं हलणं हीच माहिती असते. फुफ्फुसाचं आवरण छातीच्या भिंतीवर सरकताना दिसलं तर त्या जागी हवा साठलेली नाही. सरकणं दिसलं नाही तर शंका घेऊन पुढे तपासावं. छातीत साठलेलं पाणीही सोनोग्राफीत चांगलं दिसतं. एवढं करूनही उत्तर मिळत नसेल आणि उत्तरानं उपचार बदलणार असतील, तर सीटी जरूर करावा, आणि एकदाच पण नीट करावा.

थोडक्यात

• व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त हलतो तो फुफ्फुसाचा तळ, आणि आजार बहुधा तिथेच असतो.
• स्पष्ट स्कॅनच्या तीन वाटा : जलद टिपणं, श्वास सोडल्यानंतरची शांत वेळ साधणं, होल्ड वापरून श्वास धरणं.
• स्कॅन तळापासून वर घेतला तर श्वास मध्येच सुटला तरी नुकसान कमी.
• होल्डआधी रुग्ण शांत करणं, ऑक्सिजन वाढवणं आणि एकदा तालीम करणं आवश्यक.
• व्हेंटिलेटर बंद करू नये, नळी सोडू नये.
• कोणत्या अवस्थेत स्कॅन घेतला, ते अहवालासोबत नोंदवावं.

हे सगळ्या रुग्णालयांना जमण्यासारखं आहे

एका सेकंदात छाती टिपणारं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात यायला वेळ लागेल. पण पायऱ्यांची यादी सीटीच्या खोलीच्या भिंतीवर लावणं, तंत्रज्ञ आणि आयसीयूतल्या परिचारिकांनी मिळून महिन्यातून एकदा तालीम करणं, रुग्ण निघण्यापूर्वी “होल्ड कोण करणार?” हे नाव घेऊन ठरवणं, हे उद्यापासून होऊ शकतं. १६ स्लाइसच्या जुन्या यंत्रावरही त्यानं स्कॅन सुधारतो. नातेवाइकांनीही न घाबरता विचारावं : स्कॅननं उपचार बदलणार आहेत का, सोबत डॉक्टर जाणार आहेत का, श्वास कसा धरणार? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. पाड्यावरून इतक्या दूर आणलेल्या माणसाचा स्कॅन पहिल्याच खेपेला स्पष्ट निघावा, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याच्या घरच्यांना पूर्ण हक्क आहे.